ठकी बोलली तेव्हा

शिंपीण आणि मास्तर शाळेपासूनचे दोस्त. त्यांची तिसरी मैत्रीण बाळंतपणानंतरच्या तापात गेली. तिचा नवरा त्याआधीच कुठेतरी पसार झाला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात दुपट्यात गुंडाळलेली पोर शिंपिणीच्या हातात आली, तेव्हा मास्तर तिच्या शेजारी उभा होता.

"तू एकटी दुकान बघणार की हिला?" तो म्हणाला. "मी येतो."

"कुठे येतोस?"

"तुझ्याकडे. वरची एक खोली रिकामीच आहे ना?"

एवढंच बोलणं झालं. खाली शिलाईचं दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. एका खोलीत शिंपीण आणि बाळ, दुसरीत मास्तर आणि त्याचे नकाशे. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि दुपारी घरी आला की पोरीचा ताबा घ्यायचा. तिला न्हाऊ घालताना जगातल्या नद्या उगमापासून मुखापर्यंत सांगायचा. शिंपीण उरलेल्या कापडांची झबली शिवायची. त्यामुळे पोरीच्या अंगावर कुणाच्या ना कुणाच्या शर्टाच्या रेघा असायच्याच.

गिऱ्हाइकं विचारायची, "हे तुमचे मिस्टर का?" ती म्हणायची, "मित्र." त्यावर गिऱ्हाइकं "हं" म्हणायची, आणि त्या 'हं'मध्ये बरंच काही असायचं. मास्तरची आई तर तोंडावरच म्हणाली, "लग्नाआधी संसार! आधी काज आणि मग कापड, असं शिवण मी नाही बाई पाहिलं."

दोघांचं भांडण मात्र अगदी लग्न झाल्यासारखं. ओला टॉवेल खुर्चीवर का, डब्याचं झाकण कुठे गेलं, शिलाई मशीनवर चहाचा कप कुणी ठेवला. शब्दाला शब्द वाढायचा. पोर कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायची. डोळे मोठे, चेहरा गोल आणि तोंडातून अक्षर नाही. म्हणून लाकडी बाहुलीवरून तिचं नाव पडलं ठकी.

ठकी तीन वर्षांची झाली तरी गप्पच. दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी कान तपासले, खेळणी दाखवली, हाका मारल्या. "हिला ऐकू उत्तम येतं, समजतंही सगळं. तिची वेळ आली की बोलेल."

मग दोघं तिच्याशी आणखीच बोलायला लागले. एकत्र असताना तर बोलायचेच, पण एकएकटे असताना जास्त. जे कुणालाच सांगता येत नाही ते न बोलणाऱ्याला सांगायला काय हरकत आहे?

अशात दातांचा डॉक्टर कोट सैल करून घ्यायला आला. मग परत आला, तो कसलाही दोष नसलेला शर्ट घेऊन. तिसऱ्यांदा हातात काहीच नव्हतं. शिंपीण लाजली आणि म्हणाली, "रविवारी चहाला या."

मास्तरनं स्वतः टेबलक्लॉथला इस्त्री केली. "माणूस भला आहे," तो इस्त्रीकडे बघत म्हणाला. "आपल्या दाढांची कायमची सोय झाली." पण टेबलक्लॉथ करपला.

रविवारी दातांचा डॉक्टर आला. ऐसपैस गप्पा झाल्या. शिंपीण हसली, मास्तर जरा जास्तच हसला. चहा पिता पिता डॉक्टरांनी कप शेजारच्या मशीनवर टेकवला.

"कप मशीनवर ठेवू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं तुला!"

डॉक्टरांनी दचकून कप उचलला. आवाज टेबलाखालून आला होता. बारीक आवाज, पण त्रासलेला सूर हुबेहूब शिंपिणीचा. शिंपीण तर ओठ मिटून बसली होती.

लगेच त्याच तोंडून दुसरा सूर आला, मास्तरचा, जड आणि ओढलेला. "उचलला बाई, उचलला. मशीन आहे की देव्हारा?"

चिंध्यांतून ठकी बाहेर आली आणि बोलतच राहिली. टॉवेलचं भांडण, झाकणाचं भांडण, मग नद्या, एकामागून एक, डोंगरातून समुद्रापर्यंत. एकही शब्द बोबडा नव्हता. एवढ्याशा देहात हे सगळं कुठे साठलं होतं? दोघं आ वासून ऐकत होते. बंद घरात अचानक सगळे दिवे लागावेत तसं त्यांना झालं.

मग ठकीनं मास्तरचा आवाज जरा खाली आणला. "ठके, आपली शिंपीण तोंडात टाचण्या धरून हसते ना, तेव्हा माझ्या पोटात धस्स होतं. आणि ते काही टाचण्यांमुळे नाही."

मास्तरचे कान लाल झाले.

"ठके, मास्तरला उशीर झालाय," आता सूर शिंपिणीचा होता. "जिन्यावर त्याची चप्पल वाजली नाही की माझ्याच्यानं साधं बटणसुद्धा लावून होत नाही. सांगू नकोस हं त्याला."

शिंपिणीनं पदरात तोंड लपवलं.

दातांच्या डॉक्टरांनी कप जपून जमिनीवर ठेवला. "एवढी वर्षं लोकांच्या तोंडांत डोकावतोय," ते म्हणाले, "पण इतक्या खोलवरचं काही कुणाच्या तोंडातून निघालेलं पाहिलं नव्हतं." ते हसले. ते हसू जरा दुखरं होतं, पण खरं होतं. "कोटाची घाई नाही," म्हणाले आणि दार हळूच ओढून गेले.

दोघं ठकीसमोर जमिनीवर बसले. शिंपिणीनं तिचा चेहरा ओंजळीत धरला. "राणी, इतके दिवस का गं बोलली नाहीस?"

ठकीनं विचार केला. मग म्हणाली, "तुम्ही थांबतच नव्हता."

हा आवाज शिंपिणीचाही नव्हता, मास्तरचाही नव्हता. तो आजवर त्या घरात कुणी ऐकलाच नव्हता. मास्तरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

शिंपीण त्याच्याकडे न बघता म्हणाली, "टाचण्यांचं खरं आहे?"

"बटणाचं?"

"आधी मी विचारलंय."

"खरं आहे," मास्तर म्हणाला. "कधीपासून ते विचारू नकोस. माझं मलाच ठाऊक नाही."

तिनं त्याचा हात धरला. शाळेच्या वाटेवर रस्ता ओलांडताना कितीदा धरलेला तोच हात, पण आता तो धरून ठेवायला तिला धीर गोळा करावा लागला.

पुढे त्यांनी लग्नही केलं. त्या दुपारी मात्र लग्नबिग्न कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं, कारण ठकी आता खोलीभर हिंडत होती आणि प्रत्येक वस्तूवर बोट ठेवत होती. "दोरा. खिडकी. बटण." मास्तरच्या गुडघ्यावर बोट ठेवून "हा मास्तर", शिंपिणीच्या गालावर ठेवून "ही शिंपीण". मग स्वतःच्या पोटावर बोट ठेवून क्षणभर थांबली.

"मी," ती म्हणाली. आणि कात्रीकडे वळली.