जपून ठेवलेली जुनी प्रत

सकाळी ऑफिसात चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच, लोकांच्या वेबसाइट बनवणाऱ्या थोरलीला एका अनोळखी माणसाचा मेल आला. "तुमच्या वेबसाइटवरची ही फाइल कुणालाही उघडता येते. लवकर बघा." खाली लिंक होती.

तिने ती दाबली. सगळी माहिती साठवलेल्या डेटाबेसचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड, सगळं उघड्यावर!

वेबसाइट होती नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेची. कोणती बाई कुठल्या घरात लपली आहे, ते त्या डेटाबेसमध्ये लिहिलेलं होतं. त्यातली एक थोरलीची सख्खी धाकटी बहीण. तिचा नवरा अजून तिला शोधत होता.

फाइल उघडी पडली ती एका सवयीमुळे. मूळ सेटिंगची फाइल बाहेर दिसू नये, असा बंदोबस्त सर्व्हरवर होता. पण बदल करण्याआधी तिची प्रत काढायची, नावापुढे 'जुनी' जोडायचं आणि ती तिथेच ठेवायची, ही या ऑफिसची रीत. बंदोबस्त मूळ नावापुरताच, मग 'जुनी'ला कोण अडवणार? आपण किती जपून काम करतो, याचा थोरलीला अभिमान होता!

तिने घाईघाईने ती प्रत काढून टाकली. झालं, आता कुणाला कळायचं कारण नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

"काय गं, चेहरा का पांढराफटक पडलाय?" शेजारच्या टेबलावरून मास्तरांनी विचारलं. सर्व्हर सांभाळणाऱ्या या म्हाताऱ्याला दुसऱ्यांच्या चुका काढायची भारी हौस, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"काही नाही हो. एक फाइल राहिली होती, काढली."

मास्तर उठून आले आणि त्यांनी मेल वाचला. या वेळी ते रागावले नाहीत, त्यामुळे ती जास्तच घाबरली.

"काढलीस ते बरं केलंस. पण जो वाचून गेला, त्याच्याकडून पासवर्ड कसा परत घेणार? आधी तो बदल. मग कोण येऊन गेलं ते बघू."

पासवर्ड बदलला. सर्व्हरच्या नोंदी सांगत होत्या, की मेल पाठवणाऱ्याच्या आधी, पाच दिवसांपूर्वीच, आणखी कुणीतरी ती फाइल वाचली होती. डेटाबेसमध्ये कोण शिरलं याच्या नोंदी मात्र तीनच दिवसांच्या उरल्या होत्या. त्यात परकं कुणी नव्हतं.

"आणि त्याआधीचे दोन दिवस?" तिने विचारलं.

"ते कळायला मार्ग नाही."

"मास्तर, संस्थेला कळवलं तर माझी नोकरी जाईल हो!"

"जाईलही. खोटा धीर कशाला देऊ? पण उद्या बहिणीच्या दारावर थाप पडली, तर ती बेसावध दार उघडेल. तिला सावध कोण करणार?"

थोरलीने फोन उचलला आणि काहीही न लपवता संस्था चालवणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना आत्ताच्या आत्ता हलवते."

दुपारी धाकटीचा फोन आला. मागे गाडीचा आवाज येत होता.

"ताई, आम्हाला परत हलवलं गं. का, ते कुणी सांगेना."

"माझ्यामुळे." थोरलीने सगळं सांगितलं.

धाकटी म्हणाली, "कालच पडदे लावले होते मी. खिडकीपाशी उभं राहायची भीती आत्ता कुठे गेली होती."

"मला माफ कर गं!" थोरलीला रडू आवरेना.

"तू सांगितलंस तरी. गप्प बसली असतीस, तर त्या पडद्यांमागे मी निवांत बसून राहिले असते."

त्याच दिवशी थोरली आणि मास्तरांनी सेटिंगच्या फाइली वेबसाइटच्या फोल्डरबाहेर हलवल्या. ऑफिसच्या बाकीच्या साइटवर शोधल्यावर आणखी अकरा 'जुनी' प्रती सापडल्या!

मंडळी, संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाने आजच आपली फोल्डरं उघडून पाहावीत. पासवर्डची प्रत लोकांना दिसेल अशा जागी कधीही ठेवू नये. आणि चूक झालीच, तर फाइल पुसून गप्प बसू नये. पासवर्ड बदलावा आणि ज्यांच्या जिवावर बेतू शकतं, त्यांना आधी सांगावं. कुठल्यातरी घरात कुणीतरी आपल्या भरवशावर नुकतेच पडदे लावलेले असतात.