मापात न बसलेली होडी

मी एक शिडाची होडी. दिसायला देखणी आहे, हे आधीच सांगून टाकते. सगळा घात त्या देखणेपणानेच केला.

तलावाकाठच्या क्लबात होड्या बांधणारे मिस्त्री आहेत, त्यांच्या हातून माझा जन्म झाला. पातळ प्लायवुड, अरुंद कंबर, उंच डोलकाठी. दोन सडपातळ, चपळ पोरांनी वाऱ्याशी शर्यत लावावी म्हणून मी घडले. वारा भरला की मी कलते. बसणाऱ्यांनी झटकन उलट्या कडेवर सरकायचं. शिडाखालचा आडवा दांडा इतका खाली, की दर वळणाला मान गुडघ्यात घालावी लागते. माझी जातच तशी.

मला घेतलं ते वजन-मापे खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. स्वतः मात्र काट्यावर कधी उभे राहिले नाहीत. वय सदुसष्ट, वजन शंभराच्या पुढे, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. सोबत त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. मुलं मार्गी लागली होती. आता आठवड्यातून दोनदा दोघांनी पाण्यावर जायचं, एवढाच बेत. पण तो चाळीस वर्षं पुढे ढकललेला.

मिस्त्रींनी त्यांना आधी दुसरीच होडी दाखवली. पसरट, बुटक्या शिडाची. आत उभं राहिलं तरी फारशी डुलत नव्हती. दांडा डोक्याच्या वर, बसायला ऐसपैस जागा, मागे पाण्यातून चढायला दोन पायऱ्या.

"साहेब, पाण्यात पडलो तर परत आत चढता येईल का, एवढं आधी बघा," मिस्त्री म्हणाले. "वेग-बिग सगळं नंतर."

साहेबांनी नाक मुरडलं. हिला होडी म्हणायचं की आंघोळीचा टब, असं काहीसं पुटपुटले. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी माझ्या कडेवरून हात फिरवला. विशीत ते अशाच होडीत बसायचे म्हणे. बाई म्हणाल्या, "अहो, निदान एकदा बसून तरी बघा." होडी म्हणजे काय खुर्ची आहे, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आपण कुणाला पसंत पडलो की कुणाला वाईट वाटतं? पण त्यांचा पाय आत पडला, माझी कड पाण्याला टेकली, आणि मी काय ते समजून चुकले.

तीन महिने आम्ही रेटले. दांड्याने बाईंच्या कपाळाला दोनदा टेंगूळ आणलं. साहेब वळताना अडकायचे, दम खायचे, आणि सवय होईल म्हणायचे. त्याही हो म्हणायच्या. दोघांनाही खरं माहीत होतं, बोलायचं कुणी?

एका दुपारी वारा अचानक फिरला. साहेब सरकायला उठले, गुडघा मध्येच अडकला, आणि मी उलटले. दोघं पाण्यात. साहेबांनी कड धरून वर चढायचा प्रयत्न केला, तर मी पुन्हा त्यांच्याच अंगावर आले. एकदा, दोनदा, तीनदा. मला थांबता येत नव्हतं हो. त्यांच्या हातातलं बळ गेलं. लाइफ जॅकेटही हौसेनं घेतलेलं, पोटावर पट्टा लागत नव्हता. ते गळ्यावरून वर निघायला लागलं.

बाई हलक्या होत्या. एकट्या सहज माझ्यावर चढल्या असत्या. त्यांनी एका हाताने, मी उलटल्यावर माझ्या तळातून वर आलेली उभी फळी धरली आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याची कॉलर.

"तू वर चढ," साहेब म्हणाले.

"गप्प राहा. धरलंय मी."

मोटरबोट घेऊन मिस्त्री पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ बाईंनी कॉलर सोडली नाही. दोघं वाचली. पण बाईंचा खांदा आतून फाटला; तो हात आता छातीच्या वर जात नाही.

गेल्या महिन्यात साहेब एकटेच आले. त्या पसरट होडीत जाऊन बसले. गुडघा वाकवावा लागला नाही, मान झुकवावी लागली नाही. इतकं सोपं होतं ते. तिथंच बसून ते लहान मुलासारखे रडले. मिस्त्री म्हणाले, ही घेऊन जा, बाईंना आणा एकदा.

"तिला तळं दिसलं तरी ती बसची खिडकी लावून घेते," ते म्हणाले. मग म्हणाले, "सकाळी तिची वेणी मी घालतो. एवढे महिने झाले, अजून धड जमत नाही. ती काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं."

मग ते उठून गेले. परत आले नाहीत.

आता मी शेडमागे पालथी पडून आहे. अंगावर 'विकणे आहे' अशी पाटी. माझं एवढंच मागणं आहे: हलक्या अंगाचं, तरणं कुणी आलं तर मला द्या, नाहीतर मोडून माझ्या फळ्या करा.

आज सकाळी एक गृहस्थ आले होते. केस पिकलेले, चालताना धाप लागत होती. त्यांनी माझ्यावरची धूळ तळहाताने पुसली आणि बायकोला हाक मारली, "इकडे ये. बघ तरी काय देखणी आहे!"

मी पाण्यात असते तर तिथल्या तिथे कलून दाखवलं असतं. जमिनीवर मला तेवढंही जमत नाही.