दांडीवर नाव नसतं

थोरला पूल नावाच्या टेबलावरच्या गोळ्यांच्या खेळाच्या काठ्या करायचा, पण अर्ध्याच. हातात धरायची जाड मूठ त्याची आणि गोळ्याला टेकणारी सडपातळ दांडी धाकट्या भावाची. मधल्या सांध्याला दोन्ही भाग आट्यांनी एकमेकांत बसायचे. ते आटे पाडायला वडिलांनी हत्यारांची जोडी स्वतः घडवली होती, बाजारात शोधून सापडणार नाही अशा मापाची. मुठीच्या स्क्रूवर आटे पाडायचं हत्यार थोरल्याकडे, दांडीच्या आत पाडायचं धाकट्याकडे. घरची रीत अशी की काठी पुरी झाली की दोघांनी तिच्यावर एक डाव खेळायचा आणि हरेल त्यानं कारखाना झाडायचा. थोरल्यानं त्या काळात केर पुष्कळ काढला. धाकट्याचा हातच तसा होता.

बिनसलं ते नावावरून. पूर्वी काठीवर नाव कोण घालतंय? हॉलमधली हाताला लागेल ती उचलायची नि खेळायचं. मग हौशी लोक काठ्या काचेच्या कपाटात मांडायला लागले आणि करणाऱ्याचं नाव हवं झालं. थोरल्यानं मुठीवर आपलं नाव कोरलं. धाकट्यानं काठी फिरवून फिरवून पाहिली. म्हणाला, "दादा, माझं कुठाय?"

थोरल्याचा राग कायम नाकावर. पटकन बोलून गेला, "दांडीला कसलं नाव रे? ती झिजते. उद्या दुसरी लावतील."

झालं. धाकट्यानं आपलं हत्यार उचललं आणि बायकोला घेऊन दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलं. थोरल्यानं त्याच आठवड्यात आपलं हत्यार भंगारात दिलं, म्हणजे परत जोडायची वाटच नको. तो बाजारी मापाच्या मुठी करायला लागला, दांड्याही स्वतःच तासायला लागला. धाकट्यानंही वेगळं माप धरल्याचं कानावर आलं. एवढ्या मोठ्या माणसांनी अबोला धरला तो असा, स्क्रूच्या आट्यांपर्यंत.

वर्षं गेली. थोरल्याची बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. कारखान्यातल्या टेबलावर त्यानं चादर घातली होती, कारण एकट्यानं काय खेळायचं? दुपारी तो एक ताट वाढून घ्यायचा आणि रेडिओवर कोणी चुकीचं बोललं तर त्याच्याशीच भांडायचा. त्याला धाकट्याची आठवण यायची. फार यायची. पण आधी कोणी बोलायचं, इथं घोडं अडलं होतं.

एक दिवस काठ्या जमवून काचेच्या कपाटात मांडणारे एक गृहस्थ आले, ज्यांना थोरला त्यांच्या पाठीमागे काचवाले म्हणायचा. त्यांच्या काखेत लांब पुडकं होतं.

"तुमचे बंधू गेले हो, मागच्या महिन्यात," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला कळवलं असेल."

थोरला लेथ बंद करायला गेला. लेथ बंदच होता.

काचवाल्यांनी पुडकं सोडलं. आत एक दांडी होती, कोरी, टोकाच्या चामड्याला खेळताना लावतात तो खडूसुद्धा न लागलेली. "ही त्यांच्या छताला टांगलेली होती. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, गेली तीन-चार वर्षं थोडी तासायचे, लाकूड मुरायला परत टांगायचे. कोणासाठी म्हणून विचारलं की गप्प. गंमत म्हणजे ती त्यांच्याच एकाही मुठीला बसत नाही."

थोरल्यानं करंगळीचं नख दांडीच्या भोकात घालून आटे चाचपले. मग तो स्टुलावर बसला. आटे वडिलांच्या मापाचे होते. ते बसतील अशा मुठी जगात एकाच माणसानं केल्या होत्या.

"मूठ तुम्ही करा," काचवाले म्हणाले. "जोडीची शेवटची काठी होईल. फक्त एकही फटका मारू नका. मला कोरी हवी."

थोरल्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते काचवाल्यांनी आपल्या सोयीनं घेतलं.

मूठ सोपी होती. स्क्रूनं मात्र घाम काढला. हत्यार भंगारात गेलेलं, तेव्हा लेथवर अंदाजानं आटे कापायचे, धाकट्याच्या दांडीत घालून बघायचं, अडलं की फेकायचं. डबाभर स्क्रू वाया गेले. थोरला स्वतःला शिव्या घालत होता, मोठ्यानं, नाव घेऊन. अखेर एका दुपारी दांडी फिरत फिरत गेली आणि सांध्यात नख शिरायला जागा उरली नाही.

त्यानं टेबलावरची चादर काढली. टोकाला खडू लावला, गोळे मांडले आणि फोडले. भरीव रंगाचे त्याचे, पट्ट्यांचे धाकट्याचे. आपला गोळा हुकला की "घे, तुझी पाळी" म्हणून टेबलाच्या पलीकडे जायचा आणि धाकटा मारेल तसा, घाई न करता मारायचा. धाकट्याच्या पाळीला त्यानं एकदाही हात ढिला सोडला नाही. शेवटी, घालेल त्याचा डाव, असा एकटा काळा गोळा उरला आणि थोरल्याच्या पाळीला तो अगदी भोकाच्या तोंडाशी होता. डोळे भरून आले, त्याला नीट दिसेना आणि गोळा हुकला. तो पलीकडे गेला आणि धाकट्याच्या पाळीला काळा घातला.

चार दिवसांनी काचवाले आले तेव्हा थोरला खाली वाकून लेथखालचा भुसा काढत होता. त्यांनी काठी उजेडात धरली. टोकाला निळा खडू होता. मुठीवर एकच नाव कोरलेलं होतं, धाकट्याचं.

"अहो, ही खेळलेली आहे," काचवाले म्हणाले. "आणि मूठ तुमची असून नाव त्यांचं?"

"तो जिंकला," थोरला म्हणाला. "जरा पाय बाजूला घ्या. केर माझ्याकडे आहे."