आबांचा संशय

जगदेवरावांच्या, म्हणजे आबांच्या, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तेव्हा त्यांची वाचायला घेतलेली कादंबरी नेमकी निम्म्यावर आली होती. डाव्या डोळ्यात मुळातच दम नव्हता. डॉक्टरांनी वाचन बंद केलं आणि आबा घरभर चिडचिड करू लागले.

"मी वाचून दाखवते ना," सून शर्वरी म्हणाली.

लग्न होऊन ती समा नावाच्या वस्तीतल्या या घरात आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. पण सासऱ्या-सुनेचं बोलणं चहा आणि गोळ्यांच्या पुढे गेलं नव्हतं. बँकेतून आल्यावर ती पुस्तक घेऊन बसली. आबांनी मागची गोष्ट सांगितली : पॅरिसचा एक नामांकित चित्रकार वारतो, लिलावात त्याची चित्रं खोटी असल्याची कुजबुज होते आणि ती तपासणारा तज्ज्ञ जिनिव्हाच्या तळ्यात मेलेला सापडतो.

"दलालाचंच काम आहे हे," आबा म्हणाले.

"मला त्या चित्रकाराच्या बायकोचा संशय येतो."

"काहीतरीच! नवरा गेलाय बिचारीचा."

रोज संध्याकाळी दोघांची जुंपू लागली. शेवटी शर्वरीला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत तिनं बँकेत बसूनच पुस्तक संपवून टाकलं.

त्या संध्याकाळी दोन पानं ऐकून आबा म्हणाले, "थांब. पुढचं वाचलंस तू."

"नाही हो!"

"त्या बाईचं नाव आलं की तुझा आवाज चढायचा. आज जपून वाचतेयस."

शर्वरीनं जीभ चावली. आबा हसले नाहीत. "तुला डोळे आहेत बाई, वाच," म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी कुणालला, म्हणजे शर्वरीच्या नवऱ्याला, सुट्टी होती. तो वाचायला बसला. "आ शुं नाम छे?" असं सवयीच्या गुजरातीत म्हणत प्रत्येक फ्रेंच नावाला अडखळला, मध्येच फोन घ्यायला उठला.

"शर्वरीला बोलव," आबा म्हणाले. "तिला सगळं ठाऊक असलं तरी चालेल."

तिनं शेवटपर्यंत वाचलं. तज्ज्ञाला तळ्यात ढकलणारा दलालच निघाला. पण चित्रकाराचे हात थरथरू लागल्यापासून चित्रं बायकोच काढत होती.

"सांगितलं नव्हतं का, दलाल!" आबा खुलले. "आणि बाईसुद्धा लबाडच."

"लबाड कशी? चित्रं तिनंच काढली ना?"

"सही नवऱ्याची."

"तिची सही असती तर घेतली असती कुणी?"

ताट वाढल्यावरही आबा "तरी पण सही..." म्हणत राहिले. कुणाल आळीपाळीनं दोघांकडे बघत जेवला.

पुढच्या आठवड्यात वाचायला परवानगी मिळाली. नवा चष्मा लावून आबांनी तेच पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं.

"संपलं ना ते?" शर्वरीनं पर्स उचलत विचारलं.

"ती बाई कुठे कुठे येते ते बघतो," आबा म्हणाले. "तू ये संध्याकाळी. मग बोलू."