मिरचीतला सोंडा

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीची गॅलरी त्या रविवारी माणसांनी भरली होती. मधोमध पाटावर कुशाबा भगत, पुढ्यात ताटभर हिरव्या मिरच्या. दुर्गाकाकूंच्या तापलेल्या नातवावरून आदल्या दिवशी त्या उतरवल्या होत्या आणि रात्रभर भगताच्या झोळीत होत्या.

"बघा, भोक नाय, चीर नाय," म्हणत भगतानं एकीचा देठ काढला आणि ती ताटात आपटली. आतून काळपट, सोंडवाला किडा चालत बाहेर आला. "ही करणी. जिच्या दारात मिरचीची झाडं, तिची."

अशी झाडं एकाच दारात होती. रंगाच्या जुन्या डब्यांत ती लावणारी मीनाक्षी एकटी राहायची, जेवणाचे डबे पुरवून पोट भरायची. तिनं खोली सोडावी, हे आता ठरायचं होतं.

"तिनाच केल्यान ह्यां," दुर्गाकाकू म्हणाल्या.

मी जन्माचा संशयी. भगताच्या हातांवरून नजर हलवली नव्हती, तरी युक्ती सापडेना, आणि मला भयंकर राग येत होता.

तेवढ्यात मेघना नावाची मुलगी गर्दीतून पुढे आली. हातात भिंग आणि पिवळे चिकट सापळे. मिरचीचं पीक पोखरणारा एक परदेशी सोंडकिडा इकडे शिरलाय का, याची पाहणी ती करत होती. भगतानं आधी दुसरीकडे मिरचीतून असाच किडा काढल्याचा व्हिडिओ पाहून ती धास्तावून आली होती. मला वाटलं, ही त्याचीच जोडीदारीण.

"पाहणी म्हणजे काय विकता?" मी विचारलं.

"काही नाही, काका. किडा बघू?"

तिनं भिंग लावलं. "हा तो नाही. पाठीवर चार तांबूस ठिपके आहेत. हा तांदळातला सोंडा. हिरव्या मिरचीत तो राहत नाही."

भगत हसला. "मग आत कसा गेला, ताई? हीच तर करणी."

मेघनानं मिरची उभी फाडली. "आत वाढला असता तर पोखरून काळा भुगा केला असता. ही स्वच्छ आहे." ताटातल्या दुसऱ्या मिरचीचा देठ तिनं नुसता धरला, तो अलगद सुटून आला. आत दुसरा सोंडा. मग मीनाक्षीच्या झाडावरची ताजी मिरची तोडून तिनं भगताला दिली. "आता हिच्यातून काढा."

"मुहूर्त टळला," भगत म्हणाला.

आता माझी ट्यूब पेटली. "काकू, यानं शिधा काय मागितला होता?"

"जुने तांदूळ," काकूंचा आवाज खाली आला. "पाखडू नको म्हणालो तो."

शेजारच्या गणपतनं झोळी उलटी केली. तांदूळ सांडले, त्यात एक काडेपेटी. ती सोंड्यांनी वळवळत होती. भगताला चौकीवर नेलं.

मेघनानं तरीही मीनाक्षीच्या झाडांपाशी सापळा लावला. "किडा नाही, हेसुद्धा बघूनच सांगायचं असतं," ती म्हणाली.

मंडळी, देव मानायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण शेजारणीला घराबाहेर काढण्याआधी एका मिरचीचा देठ तरी ओढून बघा. अख्खी चाळ जमली होती, एकानंही हात लावून पाहिला नाही.

संध्याकाळी नातवाला डॉक्टरांना दाखवून आलेल्या दुर्गाकाकू मीनाक्षीच्या दारात थांबल्या. माफी मागणं त्यांना जमेना. "आमटीक चार मिरच्यो दी गो," एवढंच म्हणाल्या.

मीनाक्षीनं तोडून दिल्या. "घ्या. पण इथंच, माझ्यासमोर मोडून बघा."

काकूंनी मान खाली घालून एकेक मिरची मोडली.