ओट्यावरचं जातं

मला म्हणे खुर्चीवर बसून बघा! नात माझी, जातं माझ्या सासूचं, अन् मी काय पाव्हणी हाय का बघायला?

वाटूरात आमच्या घरी लग्नाची हळद दळायची तर पहिली मूठ घरातल्या थोरल्या सवाष्णीची. थोरली मी, पुष्पाबाई. मालक ठणठणीत, समोरच सुपारी कातरून राह्यले. अर्पितानं तर महिन्याआधीच सांगून ठेवलं होतं, "आज्जी, माझ्या हळदीला पहिली मूठ तुझीच पाहिजे." अन् ऐन सकाळी बघते तर माझी धाकटी जाऊ बेबीनंदा सतरंजीवर मांडी घालून, जात्याचा खुंटा धरून बसलेली!

"बाई, तुम्हाला खाली बसता येत न्हाई ना," म्हणली. "उगं कशाला तकलीफ? किती बार सांगितलं, ऑपरेशन करून टाका एकदाचं."

माझं टाळकंच सरकलं. ऑपरेशन काय मेथीची जुडी हाय का, बाजारात गेलं अन् घेऊन आलं? परतूरच्या हाडाच्या डॉक्टरनं फोटो बघून साफ सांगितलं, गुडघ्याची झीज हाय, पण सध्या कापाकापीची गरज न्हाई. मांडी घालायची न्हाई, उकिडवं बसायचं न्हाई, वजन उतरवायचं. तिथल्याच चिन्मयी मॅडमनं व्यायाम शिकवला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घालायची, दाबायची, दहा मोजायचे, सोडायचं. पाच महिने झाले, एक दिवस चुकवला न्हाई. सात किलो उतरले. पहिलं मारुतीच्या पारापर्यंत जाताना तीनदा टेकायची, आता काठी घेऊन जाऊन येते. कुणी म्हणलं का, शाब्बास पुष्पाबाई? "म्हातारी दिवसभर पडून पाय हलवती," हे मात्र साऱ्या गल्लीत झालं. अन् ते केलं कुणी? ह्याच बेबीनंदानं.

"ऊठ तिथून," मी म्हणलं.

"अन् दळणार कशा? जात्यापुढं खुर्ची मांडतेत का कुठं?"

"मंग जातंच वर येईल. कल्याण! ये हिकडं. उचल हे जातं अन् ठिव ओट्यावर."

माझा लेक बापाच्या तोंडाकडं बघाय लागला. "तिकडं काय बघतो? दळायचं मला हाय!" मालकांनी अडकित्ता खाली ठिवला अन् उठले. दोघा बापलेकांनी दारापुढच्या ओट्यावर पोतं अंथरून जातं मांडलं. मी खाली अंगणात ओट्याला लावून खुर्ची घेतली. खुंटा बराबर हाताशी आला.

हळकुंडं टाकली अन् फिरवलं जातं. घरघर सुरू झाली तशी अर्पिता लहान पोरीसारखी टाळ्या वाजवाय लागली. मला रडूच फुटलं, पण हात काही थांबवला न्हाई.

"या आता बाकीच्या," मी हाक मारली. बाया उठल्या. बेबीनंदा काही उठंना. एक हात जमिनीला लावला, एक माझ्या सुनेच्या, दैवशालाच्या खांद्यावर टाकला, अर्धी उठली, अन् "आई गं!" करून पुन्हा खाली बसली. दोन्ही गुडघे धरलेले, तोंड पांढरंफटक.

मी काठी घेऊन तिच्यापाशी गेले. "कधीपासून हाय हे?"

"दोन वर्सं झाली, बाई," ती हळूच म्हणली. "कुणाला सांगू नका. तुम्ही काठी धरली तवा लोकं काय काय बोलले, ऐकलंय मी."

"लोकं? तूच बोलत होती की, भवाने!"

तिनं मान खाली घातली. असा संताप आला, वाटलं राहू द्यावं हिला तशीच सतरंजीवर दिवसभर. मला हसली अन् स्वतः दोन वर्सं तेच दुखणं लुगड्याखाली झाकून बसली!

"कल्याण, दुसरी खुर्ची आण," मी म्हणलं.

दैवशालानं अन् मी तिला काखेत धरून उठवलं, ओट्याशी बसवलं. तिचा हात घेतला अन् खुंट्यावर माझ्या हाताखाली दाबून धरला.

"लग्न उरकलं की सकाळी टॉवेल घेऊन माझ्याकडं यायचं," तिच्या कानात सांगितलं. "न्हाई आलीस, तर साऱ्या गल्लीत मीच सांगत फिरते."