मधला हातभर दोर

मित्रांनो, मी आता अर्धाच दोर उरलो आहे. जुना, वेटोळं करून गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला. माझ्या अंगाला डांबराचा इतका वास येतो की गुरंसुद्धा तोंड फिरवतात.

पूर्वी मी अख्ख्या नदीवर पसरलेला होतो. मनगटाएवढा जाड वळून मला या काठापासून त्या काठापर्यंत ताणून बांधलं होतं. मला धरून, हाताहाताने ओढत तराफा पलीकडे न्यायचा. म्हशी, पोती, बाळंतिणी, सगळे माझ्या भरवशावर पार झाले. "दोर कसला, लोखंड आहे," असं लोक म्हणायचे. ऐकायला बरं वाटायचं.

दोन काठांवर दोन तराफेवाले. तराफा एकच, पाळ्या वाटलेल्या. भांडण इतकं जुनं की कशावरून जुंपलं ते दोघांनाही आठवत नव्हतं. दरवर्षी मला डांबर लावावं लागे, नाहीतर पाणी मुरून मी कुजणार. त्याचीही त्यांनी वाटणी केली. अर्धा याचा, अर्धा त्याचा. दुसऱ्याच्या वाट्याला चुकूनसुद्धा आपलं डांबर लागू नये म्हणून दोघेही मध्याच्या जरा अलीकडेच थांबायचे. मधला हातभर मी कोरडाच राहिलो.

याच्या मुलीचं आणि त्याच्या मुलाचं जमलं. ते सगळ्यांत आधी मला कळलं, कारण दोघांचे हात माझ्यावर शेजारी शेजारी यायचे आणि ओढायचं विसरून जायचे.

"बाबा, दोर मध्ये पिंजलाय," मुलगी एकदा म्हणाली.

"मध्य त्यांचा."

"मग मी लावते डांबर."

"आपला एक थेंब तिकडे गेला तर बघ. आणि तुला गं मध्याचं एवढं काय पडलंय?"

ती पुढे बोलली असती तर सगळंच बाहेर आलं असतं. मुलानेही घरी विषय काढला. त्याचा बाप हसला. "त्या फुकट्याला हेच हवंय. कुजू दे त्याचा दोर."

त्याचा म्हणे. मी एकच होतो, मित्रांनो.

मुलीचं लग्न दुसरीकडे ठरवलं, तेव्हा मुलगा भर दुपारी तराफा घेऊन तिला न्यायला आला. पाणी चढलं होतं, पण याहून चढत्या पाण्यात मी म्हशी नेल्या होत्या. दोघं मिळून ओढत होती. मध्यावर मी तुटलो. तराफा कलंडला. दोघं माझ्या टोकाला लोंबकळत राहिली. तिचा हात सुटला, तेव्हा त्याने आपला सोडला.

काठावर मग नेहमीचं बोलणं झालं. तिचा बाप म्हणाला, नशीब. त्याचा बाप म्हणाला, नेमकं तेव्हाच पाणी चढलं, योगायोग. दोघे गळ्यात गळा घालून रडले. लोकांचेही डोळे भरून आले. मला किळस आली.

मुलीची आई तेवढी माझ्याकडे आली. तुटलेलं टोक तिने बोटांत चुरलं, त्याचा भुगा झाला.

"इथे डांबर का नाही?"

"अगं, नशिबापुढे काय चालतं आपलं," नवरा म्हणाला.

"मी दोराचं विचारतेय."



मित्रांनो, मी नशीब नव्हतो आणि योगायोगही नव्हतो. मी कुजलो होतो आणि ते दिसत होतं. तुमच्या घरात, शाळेत काही पिंजलेलं दिसलं, तर ते कोणाच्या वाट्याचं यावर मग खुशाल भांडा. आधी डांबर लावा.